हनिमून : पुण्याहून स्वतःच्या गाडीने ताडोबा, पेंच, कान्हा (मार्ग, परमिट, गाडीची तयारी)

सायली_कोथरूड
लग्न फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. कुलदैवताचं दर्शन आणि सत्यनारायण झाला की दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघं पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जंगलं बघायला निघणार. हाताशी नऊ दिवस आहेत, फार तर दहा. मनात ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड आणि परतीला मेळघाट आहे. पेट्रोल हॅचबॅक साडेचार वर्षांची आहे, टायर मूळचेच आहेत आणि दोघंही चालवतो. क्रम कसा लावावा? आधी हॉटेलं बुक करावीत की सफारी? समृद्धीवर टायर फुटतात असं घरचे सारखे सांगताहेत, त्यात तथ्य किती? एवढ्यावर मार्गदर्शन हवं आहे.

रानवाट_नागपूर
सायलीताई, आधी यादी कापा. बांधवगड आणि मेळघाट काढून टाका.

बांधवगड कान्ह्याहून अडीचशे किलोमीटर पुढे आहे. तिथून पुण्याला परत यायचं म्हणजे हजाराच्या वर किलोमीटर, म्हणजे शेवटचे दोन दिवस फक्त रस्ता. मेळघाट सुंदर आहे, पण ते डोंगरदऱ्यांचं जंगल आहे. तिथे वाघ दिसणं अवघड, आणि ते जंगल पायी आणि निवांत बघायचं. घाईघाईत परतीच्या वाटेवर उरकण्यासारखं ते नाही.

हिशेब असा. दिवसाला सफारी दोनच, सकाळची आणि दुपारची, प्रत्येकी साधारण चार तासांची. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायचं म्हटलं की निदान एक सफारी बुडते. म्हणून जंगलं तीन आणि प्रत्येकी दोन-तीन सफारी. एका जंगलात एकच सफारी घेऊन पुढे पळू नका. पहिल्या सफारीत डोळे फक्त झाडांना सरावतात. पाचोळ्यात पडून असलेलं जनावर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दिसायला लागतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आधी सफारी, मग मुक्काम, आणि मुक्काम गेटच्या नावाने. 'ताडोब्याजवळ' एवढ्यावर हॉटेल घेतलं की पंचाईत होते. ताडोब्याला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा अशी गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. मोहर्ली दक्षिणेला चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा उत्तरेला चिमूरच्या बाजूला. आपली गाडी कोअरमधून, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्यातून, आरपार जात नाही. मोहर्लीत राहून कोलाऱ्याची सफारी घेतली तर बाहेरून वळसा घालून तीन तास जातात, आणि सकाळचं गेट उजाडताना उघडतं. म्हणजे ती सफारी गेलीच म्हणून समजा.

बंद वार आता बघा. ताडोबा मंगळवारी बंद. मध्य प्रदेशातली उद्यानं बुधवारी दुपारी बंद, आणि होळीलाही बंद. महाराष्ट्रातल्या बाकी प्रकल्पांचे वार आणखी वेगळे. त्यामुळे पुण्याहून शुक्रवारी निघा:

शुक्रवारी पुणे ते लोणार. शनिवारी लोणार ते मोहर्ली. रविवारी ताडोब्यात दोन सफारी, सोमवारी सकाळी एक. सोमवारी दुपारी निघून नागपूरला मुक्काम. मंगळवारी सकाळी नागपूरहून तुरिया (पेंचचं मध्य प्रदेशातलं गेट), दुपारची पेंच सफारी. बुधवारी सकाळी पेंच, आणि दुपारी बंद असतं त्या वेळात कान्ह्याकडे प्रवास. गुरुवारी कान्ह्यात दोन, शुक्रवारी सकाळी एक, मग नागपूर. शनिवारी पुणे.

सगळं मिळून २,३०० किलोमीटरच्या आसपास. लिटरला सोळा धरलं तर १४५ लिटर पेट्रोल लागेल. एकच तडजोड आहे: रविवारी ताडोब्यात गर्दी असते आणि शनिवार-रविवारचा दरही जास्त. पण त्याबदल्यात मंगळवार आणि बुधवार दोन्ही बंद वार रस्त्यावर निघून जातात.

गॅरेजवाला_नाशिक
घरचे सांगतात त्यात तथ्य आहे, पण कारण लोक चुकीचं समजतात. टायर रस्त्यामुळे एकटा फुटत नाही. जुनं रबर, कमी हवा आणि एकसारखा वेग हे तिन्ही एकत्र आले की फुटतो.

पहिलं काम टायरचं वय बघणं. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ लिहिलं असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. गाडी साडेचार वर्षांची असेल तर टायर त्याहून थोडे जुनेच निघतील. नक्षी शाबूत दिसते म्हणून समाधान मानू नका. चाक फिरवून दोन खाचांच्या मधे आणि कडेच्या भिंतीवर बारीक तडे दिसतात का ते नखाने चाचपून बघा. तडे असतील किंवा कुठे फुगवटा असेल तर चारही टायर बदला आणि ते लग्नाच्या आधीच बदला, म्हणजे जवळपास शे-दोनशे किलोमीटर चालून ते बसतील.

दुसरं हवेचं. 'उन्हात हवा वाढते म्हणून दोन-चार पॉइंट कमी ठेवा' हा सल्ला घातक आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यानेच उष्णता तयार होते, आणि तासभर शंभरच्या वेगाने ती साठत गेली की आतले थर सुटतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. त्यावर दोन माणसांचा आणि भरल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. तुमच्या बॅगा धरून भरल्या गाडीचा आकडा घ्या. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना तपासा. वाटेत गरम टायरचं प्रेशर जास्त दिसलं म्हणून हवा काढू नका, गार झाल्यावर ती कमी भरेल. नायट्रोजन भरलात तर हवा सावकाश उतरते, एवढाच त्याचा फायदा.

तिसरं, ज्याकडे कोणी बघत नाही ते स्टेपनी. तिच्यातली हवा तपासा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असते आणि तिच्यावर ८० ही कमाल वेगाची मर्यादा छापलेली असते. मग घरीच, पार्किंगमध्ये, गाडीबरोबर आलेल्या पान्याने एक-एक नट सैल करून बघा. दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट हातपान्याला हलत नाहीत, आणि हे रस्त्यात कळलं तर उपयोग नाही. पायाने जोर देऊनही हलत नसेल तर दुकानात सगळे सोडून हाताने आवळून घ्या. बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप आणि पंक्चर किट डिकीत वर ठेवा, बॅगांच्या खाली नको.

समृद्धीवर कारला सपाटीला १२०ची मर्यादा आहे. तुम्ही ९० ते १०० धरा. रस्ता सरळ आहे, वळणं नाहीत, गावं लागत नाहीत, त्यामुळे डोळ्यावर झापड येते. दर दीड तासाला चालक बदला, झोप आलेली नसली तरी. कडेच्या पट्टीवर गाडी उभी करू नका. पेट्रोल छत्रपती संभाजीनगरला भरूनच चढा. टोल अंतरावर आहे, किलोमीटरला साधारण दोन रुपये.

सायली_कोथरूड
टायर या शनिवारीच बघतो. लोणार का सुचवलंत? आणि शनिवारी लोणारहून मोहर्ली एका दिवसात बसेल ना?

रानवाट_नागपूर
पुणे ते मोहर्ली एका दमात आठशेच्या घरात जातं, त्यामुळे मधे मुक्काम हवाच. पुण्याहून नगर रस्त्याने संभाजीनगर २३५ किलोमीटर, तिथे सावंगीला समृद्धीवर चढायचं आणि दीडशे किलोमीटरवर मेहकरला उतरायचं. तिथून लोणार जवळ आहे. सरोवर उल्कापाताने झालेलं, बेसॉल्ट खडकातलं, वरून व्यास पावणेदोन-एक किलोमीटर. संध्याकाळी काठावरून बघा, पाखरं भरपूर असतात. पुण्याहून सकाळी सहाला निघालात तर चारच्या आत पोचता.

शनिवारी मेहकरला परत चढून सव्वादोनशे किलोमीटरवर वर्ध्याजवळ येळाकेळीला उतरा. पुढे वर्धा, हिंगणघाट, वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, मोहर्ली. सगळे थांबे धरून आठ तास. लोणारहून सातला निघा.

चंद्रपूरकर
वरच्या मार्गात एक भर घालतो. चंद्रपूर ते मोहर्ली हा तीस-एक किलोमीटरचा रस्ता साधा रस्ता समजू नका. तो बफरमधून, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलपट्ट्यातून, जातो आणि वाघ, अस्वल, रानडुक्कर सगळे तो ओलांडतात. दिवस मावळायच्या आत पार करा. वेग ३० ते ४०, काचा बंद, हॉर्न नाही. जनावर दिसलं तर मागे अंतर ठेवून थांबा आणि त्याला जाऊ द्या. खाली उतरायचं नाही. पेट्रोल आणि रोख रक्कम चंद्रपूरलाच घेऊन ठेवा, मोहर्लीत नेटवर्क रुसलं की ऑनलाइन पैसे अडतात.

आणि हे फक्त मोहर्लीपुरतं नाही. विदर्भात अंधारात रोही (नीलगाय) आणि डुक्कर अचानक रस्त्यावर येतात. रोह्याचं वजन दीडशे-दोनशे किलो, पाय उंच. धडक बसली की धड बॉनेटवरून थेट काचेवर येतं. म्हणून नऊही दिवस संध्याकाळी सहाला गाडी उभी, असा नियम करा.

परमिट_मदत
बुकिंगबद्दल. ताडोब्याचं बुकिंग त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतं. पेंचचं तुरिया गेट आणि कान्हा दोन्ही मध्य प्रदेशच्या एकाच पोर्टलवर. राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच जंगल आहे, पण महाराष्ट्रातलं सिल्लारी आणि मध्य प्रदेशातलं तुरिया यांची बुकिंग पूर्ण वेगळी आहेत. इथे गोंधळ होऊन लोक एका राज्याचं परमिट आणि दुसऱ्या राज्यातलं हॉटेल घेऊन बसतात.

आता नवीन लग्न झालेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. परमिटवर ज्या ओळखपत्राचा नंबर आणि नाव असतं, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. नाव नंतर बदलून मिळत नाही. तेव्हा सायलीताई, आडनाव बदलायचं असलं तरी आधारचा अर्ज सहल होईपर्यंत देऊ नका. सगळी परमिटं आत्ताच्या, माहेरच्या नावाने काढा आणि तेच कार्ड घेऊन जा. लग्नपत्रिका किंवा विवाह नोंदणीचा दाखला दाखवून गेटवर काम होईल असं धरून चालू नका.

एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) सहा पर्यटक, शिवाय चालक आणि गाइड. दोघांनी पूर्ण जिप्सी घेतली तर सहा जणांचा खर्च दोघांवर. मध्य प्रदेशात एकेका सीटचंही परमिट मिळतं आणि तिथे गाइड व जिप्सीचे पैसे गेटवर वेगळे द्यावे लागतात. ते बजेटमध्ये धरायला लोक विसरतात. माझं मत: आठ सफारींपैकी दोन पूर्ण जिप्सीच्या घ्या, एक ताडोब्यात, एक कान्ह्यात. पाखरासाठी वीस मिनिटं थांबायचं असेल तर सहा जणांचं एकमत होत नाही. बाकीच्या वाटून घ्या.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. परमिटची छापील प्रत हवी, फोनमधली चालणार नाही, कारण फोनच जवळ नसेल. मनगटी घड्याळ घ्या. फोटो हवे असतील तर साधा का होईना, कॅमेरा लागेल.

मृदुला_वर्धा
एक बारीक गोष्ट, पण कोणी सांगत नाही. लग्नानंतर हिरवा चुडा असेल. जिप्सीत आधाराला लोखंडी दांडी धरावी लागते. खड्ड्यात गाडी उसळली की काचेच्या बांगड्या दांडीवर आपटून फुटतात आणि मनगटाला लागतात. शिवाय चाळीस बांगड्यांची किणकिण शांत जंगलात लांबवर जाते. चुडा उतरवायचा नसेल तर बांगड्या कोपराकडे सरकवून त्यावर लोकरीचा मोजा चढवा. जुन्या मोज्याचा पंजा कापला की झालं. वरून पूर्ण बाहीचा स्वेटर. पैंजण खोलीत ठेवा. गजरा आणि अत्तर नको.

फेब्रुवारीत सकाळी उघड्या जिप्सीत वारा झोंबतो, कान्ह्यात तर बोटं बधिर होतात. दुपारी त्याच दिवशी ऊन तापतं. त्यामुळे एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला: सुती, मग स्वेटर, मग वारा अडवणारं जर्किन. कानटोपी, हातमोजे, आणि धुळीसाठी तोंडाला सुती रुमाल. मागच्या ओळीत उसळी सगळ्यात जास्त बसते. पाठीचा त्रास असेल तर पुढची ओळ मागून घ्या.

सकाळी निघताना चहा अर्धा कपच घ्या आणि गेटवरचं स्वच्छतागृह वापरूनच आत जा. कान्ह्यात आत न्याहारीला थांबतात, तिथे सोय आहे. ठरलेल्या जागेशिवाय वाटेत कुठेही खाली उतरता येत नाही. नागपूरच्या मुक्कामात सावजी खायचा मोह होईल. परतीच्या रात्री खा, दुसऱ्या दिवशी सफारी असताना नको.

रानवाट_नागपूर
मृदुलाताईंचं बरोबर आहे. चुड्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

आता जंगलात काय बघायचं ते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पानगळ झालेली असते, पळस फुललेला असतो, पाणवठे आटायला लागलेले असतात. मे महिन्याइतके वाघ पाण्यावर येत नाहीत, म्हणून कानावर जास्त भिस्त ठेवा. चितळ ओरडलं की सगळ्या जिप्स्या पळतात, पण चितळ बिबट्याला, रानकुत्र्यालाही ओरडतं आणि कधी नुसत्या हालचालीलाही बिचकतं. वानर झाडावरून खाली बघत खोकल्यासारखं ओरडत असेल तर त्याची नजर कुठे आहे ते बघा. सांबराचा एकच मोठा, भोंग्यासारखा आवाज सगळ्यात भरवशाचा. सांबर उगाच ओरडत नाही. तो आवाज आला की गाइडला म्हणा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबू.

ठसे बघायला शिका. सकाळच्या पहिल्या फेरीत वाटेवरची धूळ दवाने बसलेली असते. ताज्या ठशाची कड धारदार दिसते, तळव्याचे तीन फुगीर भाग स्वच्छ उमटतात, आत पालापाचोळा नसतो. ठशावर टायरची नक्षी उमटलेली असेल तर वाघ आपल्या आधी आलेल्या गाडीच्याही आधी गेलेला आहे. टायरच्या नक्षीवर ठसा असेल तर तो तिच्यानंतर आला आहे, आणि जवळ असू शकतो.

नवेगावचा_मी
मला वरचा आराखडा पूर्ण पटत नाही. पेंच ते कान्हा आणि कान्हा ते नागपूर मिळून पावणेपाचशे किलोमीटर होतात, त्यातला सिवनीच्या पुढचा पट्टा सावकाश चालतो. त्याऐवजी पेंचनंतर भंडारामार्गे नागझिरा घ्या. अंतर जवळपास निम्मं. साकोलीला उतरलं की पिटेझरी गेट जवळ. गर्दी कमी, रानगवे, अस्वल, रानकुत्रे, पाखरं, आणि तळ्याकाठी बसल्यासारखी शांतता. नवेगाव बांधचं मोठं तळं तिथून तासाभरावर, हिवाळी बदकं फेब्रुवारीत अजून असतात. नवीन जोडप्याला निवांतपणा हवा असेल तर कान्ह्यापेक्षा हे बरं.

रानवाट_नागपूर
निवांतपणा म्हणाल तर तुमचं म्हणणं मान्य. दोघंच जाताहेत आणि रस्त्याचा कंटाळा असेल तर नागझिरा घ्यावं. तरी मी कान्हा ठेवीन, कारण ताडोबा, पेंच, नागझिरा ही तिन्ही सागाची, पानगळीची जंगलं आहेत. कान्ह्यात सालवृक्ष आहे, फेब्रुवारीतही हिरवागार, आणि मधे मोठमोठी गवताळ मैदानं. आणि बारशिंगा. कडक जमिनीवर राहणारी ही जात १९७० मध्ये कान्ह्यात ६६ इतकी उरली होती. कुंपणाआड पैदास आणि गवताची निगा राखून ती वाचवली. सकाळच्या धुक्यात मैदानात उभा कळप बघायला मी दोनशे किलोमीटर जास्त गाडी चालवायला सांगेन. वाघ तिथे नाही दिसला तरी.

सायली_कोथरूड
दोघांचंही बोलणं झालं, कान्हा ठेवतोय. नागझिरा पुढच्या हिवाळ्यात वेगळं. पेंच ते कान्हा रस्त्याबद्दल आणखी थोडं सांगाल का? आणि पेंचला रात्री आकाश बघता येतं असं वाचलं.

रानवाट_नागपूर
नागपूरहून चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गाने खवासा, तिथून आत १२ किलोमीटर तुरिया. पेंचच्या हद्दीत महामार्ग उंच खांबांवर उचललेला आहे आणि जनावरं खालून जातात. वर थांबून खाली डोकावायचं नाही, तिथे गाड्या वेगात असतात.

बुधवारी सकाळची सफारी करून बाराच्या आत तुरिया सोडा. खवासा, सिवनी, केवलारी, नैनपूर, चिरईडोंगरी, खटिया (कान्ह्याचं गेट). दोनशे किलोमीटर, साडेचार ते पाच तास. सिवनीला टाकी पूर्ण भरा आणि जेवून घ्या, पुढे ठिकाणं तुरळक. नकाशाचं ॲप कधीकधी जवळचा म्हणून गावातला कच्चा रस्ता दाखवतं, म्हणून ही गावांची नावं कागदावर लिहून घ्या आणि आधीच नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. मुक्काम खटिया किंवा मोचाला. मुक्की गेट दुसऱ्या टोकाला आहे, तिथलं परमिट चुकून घेऊ नका.

आकाशाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या बाजूचं पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान, जाहीर झालं. त्याचा कार्यक्रम सिल्लारीच्या भागात असतो, तुरियात नाही. पण तुरियातही हॉटेलच्या अंगणातले दिवे मालवायला सांगितले की आकाश भरून दिसतं. पंचांगात अमावास्या बघून तारखा एखादा आठवडा मागेपुढे होत असतील तर जरूर करा, निघायचं मात्र शुक्रवारीच.

चंद्रपूरकर
गाडी उभी करताना दोन गोष्टी. वानरांना आरशातलं आपलं प्रतिबिंब दुसरं वानर वाटतं आणि ते आरसा फोडतात. आरसे मिटून त्यावर जुने मोजे किंवा पिशव्या चढवा. आणि गाडीत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवू नका. खाण्याच्या वासाने रात्री उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून टॉर्चने एकदा नजर टाका. कुरतडलेली वायर सिवनीच्या आधी सापडली तर मिस्त्री मिळतो, केवलारीच्या पुढे दिवस मोडतो.

गॅरेजवाला_नाशिक
आणि शुक्रवारी कान्ह्याहून नागपूरला पोचलात की त्याच संध्याकाळी टायर पुन्हा बघून घ्या, मुक्कामाला लागायच्या आधी. जंगलाच्या कच्च्या रस्त्यांवर खडीचे टोकदार तुकडे नक्षीत रुततात. शनिवारी सातशे किलोमीटर जायचं आहे, त्यातलं बरंचसं सिमेंटवर. स्क्रू-ड्रायव्हरने खडे उकरून काढा आणि आतल्या बाजूची भिंतही हाताने चाचपा, कापलेली असेल तर ती उभ्याने दिसत नाही. हवा मात्र शनिवारी सकाळी, टायर गार असताना.